उणे अठरा

अंबडच्या कोल्ड स्टोरेजात रात्रपाळीला
दर तासाला वही भरावी लागते.
खोली एक : बेदाणा. अधिक चार.
खोली दोन : द्राक्षं. शून्य.
खोली तीन : मटार. उणे अठरा.
आणि मागचा ब्लास्ट, उणे पस्तीस.
तिथे दोन मिनिटांत पापण्या एकमेकींना चिकटतात.

सुदाम गांगुर्डे नवा होता, आडगावचा.
पहिल्याच रात्री त्यानं लिहिलं,
खोली तीन : १८.
म्हटलं, सुदाम, रेघ कुठाय?
म्हणाला, ताई, एवढीशी तर रेघ.

एवढीशी.
तिच्याविना सकाळपर्यंत चाळीस टन मटार
वहीतल्या वहीत सडला असता.

मग चहा पिताना तोच म्हणाला,
पण ताई, पस्तीस अठरापेक्षा मोठे ना?
मग ब्लास्टचा आकडा मोठा. थंडीच मोठी आहे तिथे.
मी म्हटलं, थंडी मोठी, म्हणून तर आकडा लहान.
त्यानं कानटोपी काढली. डोकं खाजवलं.
पुन्हा घातली.

म्हटलं, गंगेवर जातोस ना?
पाण्याची कड म्हणजे शून्य धर.
बुडालेली दुसरी पायरी, बुडालेली पाचवी पायरी.
वर कुठली?
दुसरी.
मग मोठी कुठली?
तो गप्प. कॉम्प्रेसर तेवढा बोलत होता.
मग एकदम म्हणाला, म्हणजे दुतोंड्याचं!
पूर आला की आपण मोजतोच की,
गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं.
कमरेला शून्य धरलं तर छाती अधिक, गुडघा उणे,
आणि घोटा गुडघ्याहून लहान!

घोटा गुडघ्याहून लहान.
हे मला आठवीपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं.

आता कमरेपासून वर वीतभर, खाली वीतभर,
यातलं लांब कुठलं? मी विचारलं.
सारखंच, तो म्हणाला. वीत ती वीत.
याला पुस्तकात केवल मूल्य म्हणतात, मी म्हटलं.
म्हणजे तू मघाशी लिहिलंस ते.
शून्यापासून किती लांब, एवढंच.
कुठल्या बाजूला, ते नाही.
तो खूश झाला. म्हणाला, म्हणजे माझं चुकलं नव्हतं?
चुकलंच होतं. मटाराला बाजू लागते.

सात वाजता सुटले. सिडकोत घरी आले
तर गौतमी जमिनीवर पालथी,
कॅलेंडरची मागची बाजू कापून चिकटवलेली
लांबच लांब पट्टी पुढ्यात.
मधे शून्य. डावीकडे उणे बारापर्यंत जाऊन
कागद संपला होता.
आम्ही उणे म्हणतो, तिचं पुस्तक ऋण म्हणतं.
ऋण सात, ऋण आठ.
तिच्या तोंडून ऐकताना मला दर वेळी आईच्या पाटल्या दिसतात.

कुंदा हिरावाडीला राहते. गंगेच्या पलीकडे.
मी अलीकडे.
पाटल्यांवरून बोलणं तुटलं, त्याला अडीच वर्षं.
ती नातेवाइकांत सांगते, मी किती खाली गेले.
मीही सांगतेच, ती किती.
दोघींनी आपापल्या वहीत
रेघ समोरच्याच्या आकड्यापुढे ओढली.
होळकर पुलापासून मोजलं तर
तिचं घर आणि माझं घर
रिक्षाचं भाडं जवळपास सारखंच पडतं.

आई, बघ, गौतमी म्हणाली.
तिनं पट्टी शून्यावर दुमडली.
ऋण एकवर एक बसला, ऋण पाचवर पाच.
खिडकीशी धरली तर आरपार दिसत होतं
दोन आकडे एकमेकांवर,
आणि त्यांतल्या एकापुढे ती आडवी रेघ,
अजून होतीच. पुसली नव्हती कुणी.

ही मावशीला दाखवू? तिनं विचारलं.
डोळ्यांत झोप होती माझ्या.
पट्टी नीट गुंडाळ म्हटलं, घडी मोडू देऊ नकोस.
आणि पंचवटीची बस किती वाजता आहे, बघ.